वहिनी, धुऱ्यावर पाथरी नाही

वहिनी, तुझी तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर जाऊन आले. उन्हं पडायच्या आत गेले. तुझाच नियम तो, पाथरी खुडायची तर सकाळच्या दवात, ऊन चढलं की तिचं दूध आटतं. पदर खोचला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खा धुरा वाकून पाहिला. एक पान नाही. जिथं पाथरीचे गड्डे मातीला चिकटून बसायचे, पिवळी फुलं उघडून, तिथं आता भाजल्यासारखं तांबडं गवत आहे आणि फवाऱ्याच्या औषधाची एक रिकामी बाटली. मागून दादा आला. "काय हरवलं, शोभे?" म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही." त्याला काय सांगणार, कप्पाळ!

तुला हसू येत असेल. जन्मभर पाथरीला नावं ठेवणारी नणंद, आज तीच शोधत फिरते. ये, हस. पण मी हौसेनं नव्हते गेले. तुझ्या सुनेला उन्हाळी लागली आहे. तेरवीच्या स्वयंपाकाचे मोठे गंज घासता घासता वैशालीनं मला हळूच सांगितलं, "आत्याबाई, लघवीले लय जळते. थेंब थेंब होते." खाली मान घालून, राखेचा हात तसाच ठेवून. तुझ्याच मोरीत बसून सांगितलं तिनं हे. ज्यानं तुला नेलं ते तुझ्या सुनेच्या अंगात शिरून बसलंय, आणि तुझ्या फोटोचा हार अजून सुकला नाही.

वैशालीचं बोलणं ऐकलं आणि मला मीच आठवले. तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी सातवीत. आमच्या शाळेत पोरींना जायला जागा नव्हती. पोरांची मुतारी होती, तिलाही दार नव्हतं. मग काय, सकाळी घरून निघताना जायचं ते थेट संध्याकाळी. मैत्रिणी मैत्रिणींत पैजा लागायच्या, कोण किती वेळ दम धरते म्हणून. मी जिंकायची. आणि एक दिवस अशी उन्हाळी लागली की गोठ्यामागे बसून मी ओठ चावून रडत होते. मायला सांगितलं तर म्हणाली, "उन्हातान्हात खेळतं कायले? सब्जा पे." तू नवी नवरी, हातातला चुडासुद्धा उतरला नव्हता. तू काही विचारलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी पदरात पाथरी घेऊन आलीस. एक पान मोडून माझ्या नाकासमोर धरलंस. देठातून पांढरा थेंब आला. "पाय, गायीवानी दूध देते हे," म्हणालीस.

जिरं टाकून पाट्यावर वाटलीस, फडक्यातून पिळलीस, ताकात घालून गिलास माझ्या हातात दिलास. कडू? बाप्पा! कडुनिंबानं हात जोडावे असं कडू. मी तोंड वाकडं केलं तर म्हणालीस, "तोंड वाकडं करशील त अजून एक गिलास देईन, सांगून ठेवते." दिवसभर तेच. संध्याकाळपर्यंत मी नुसती पळतेय शेताकडे. तू माझ्यासोबत यायचीस. कपाशीत मधे मधे तुरीच्या ओळी असायच्या ना, माणसाच्या डोक्याएवढ्या उंच, त्यात मला बसवायचीस आणि स्वतः पाठ करून, पदर दोन्ही हातांनी पसरून उभी राहायचीस. कुणाची चाहूल लागली की मोठ्यानं खोकायचीस. आणि वर, "झालं का व, का अडाण नदीले पूर आला?" हसता हसता मला आणखी व्हायची. त्या दिवशी मी तुझी झाले, वहिनी. आईनं मला जन्म दिला, पण माझी लाज राखली ती तू.

गावात तुझं नाव झालं मग. पोरी यायच्या, बाळंतिणी यायच्या, म्हाताऱ्या यायच्या. दारातून इकडंतिकडं पाहायच्या आणि कुजबुजायच्या, "गिरजाबाई, ते... पाथरी हाये का व?" तू कुणाला दुसरा प्रश्न केला नाहीस. कुणाकडून मूठभर तांदूळही घेतले नाहीस. मी शिकले, नेरच्या कचेरीत लागले, शहाणी झाले. म्हणायला लागले, "वहिनी, हे जंतूंचं दुखणं असतं. लघवी तपासायला पाहिजे. पानं चावून जंतू मरतात का?" तू म्हणायचीस, "पाथरी कोनाले मारत नाई. ते फक्त वाट मोकळी करते. अडलं ते भाईर काढते." मी म्हणायची, "आणि नाही निघालं तर?" तू म्हणायचीस, "त तुह्या डाक्टरकडं जाईन. आता जेव." आपलं भांडण वर्षानुवर्षं इथंच येऊन थांबायचं, ताटावर.

आज सांगते, ते भांडण मी कधी जिंकावं असं मला वाटलंच नाही. सणाला माहेरी आले की तू काहीतरी चुकीचं बोलावंस, मी चिडावं, दादानं म्हणावं, "झालं ह्या दोघीचं सुरू." बस, एवढंच पाहिजे होतं.

पण कापसाच्या वेचणीचं मात्र मला कधीच पटलं नाही. आपल्याकडं वेचायला जाणाऱ्या बाया सकाळी पाणी पीत नाहीत. कोणी तसा कायदा केला नाही, पण कायदाच आहे तो. घोटभर चहा, की निघाल्या. कमरेला ओटी बांधायची, ती कापसानं फुगत जाते, जड होते, पोटावर दाबते. ती सोडा, पुन्हा बांधा, तेवढ्यात शेजारची पुढे जाते. वेचणी किलोवर. मग कोण उठतं? "मी त दिवसभर थेंब पेत नाई," असं बाया छाती पुढं काढून सांगतात, जसं काही सोन्याचं पदक मिळालं. मी एकदा दिवाळीच्या सुटीत तुझ्यासोबत वेचायला आले होते. दुपारी पाणी मागितलं तर साऱ्या बाया हसल्या. शेवंताबाई म्हणाली, "नेरवाल्या मॅडमले तहान लागली!" तू मात्र म्हणालीस, "पेऊ द्या तिले. तुरीले जाईन थे, मी जातो संगं."

तेव्हा तुरी होत्या ना. "तुरीले जाऊन येतो" म्हटलं की बायांना कळायचं. दोघी दोघी जायच्या, एक बसायची, एक उभी राहायची. गडीमाणसांनाही माहीत होतं, त्या वेळी त्या बाजूला जायचं नाही. जाता येता तू धुऱ्यावरून दोनचार पाथरीची पानं खुडून कच्चीच चावायचीस, भाकरीसोबत खावी तशी. आडोसाही तिथंच आणि औषधही तिथंच. आपल्याला त्याचं कौतुक कधी वाटलं नाही. असलेल्या गोष्टीचं कोणाला वाटतं?

मग ते चोरबीटी बियाणं आलं, सरकारची परवानगी नसलेलं, चोरून विकलं जाणारं. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं तेव्हा. बोंडअळी बोंडं पोखरत होती, निंदायला बाया मिळत नव्हत्या, जो तो म्हणत होता, हे बियाणं घ्या, वरून तणनाशक मारा, कपाशी सोडून सारं जळतं. सारं म्हणजे सारंच, वहिनी. तूरही जळते. म्हणून तुरीच्या ओळी बंद झाल्या. नुसती कपाशी, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, कंबरेएवढी. माणूस वाकलं तरी दिसावं अशी. आणि फवारा धुऱ्यावरूनही फिरला. बोरीबाभळीची झुडपं वाळली, पाथरी पिवळी पडली आणि मग तांबडी. तू दादाला म्हणालीस, "अवो, माही पाथरी मारली तुमी." दादा म्हणाला, "गवतासाठी रडून राह्यली का आता?" सारे हसले. तूही हसलीस. मी पण हसले असेन. दादाचा तरी काय दोष? गावात ज्यानं फवारा नाही मारला त्याच्या शेतात तणकटच उरलं. कोणाला शिव्या देऊ सांग. एखाद्याचं नाव असतं तर बरं झालं असतं, निदान दारात जाऊन भांडले असते.

त्या वर्षापासून वेचणीच्या दिवसांत तू पाणी पिणं साफ तोडलंस. आणि पाथरीही. तिसऱ्या शिवारातल्या नाल्याकाठी थोडी उरली होती, ती तू आणायचीस, पण वेचणीच्या दिवसांत प्यायची नाहीस. मी फोनवर ओरडले होते, "ज्या दिवसांत जळतं त्याच दिवसांत नाही पीत? हे कुठलं शहाणपण?" तू म्हणालीस, "अवं शोभे, पाथरी पेली का घडीघडी जा लागते. वावरात जाऊ कुठी?"

लघवी मोकळी करणारं औषध, आणि ते घ्यायचं नाही, कारण लघवी मोकळी होते. असं दुखणं आणि असं औषध देवानं दुसऱ्या कोणाला दिलं असेल का गं? वेचणी संपली की तू वाटीभर रस प्यायचीस. चार महिन्यांची आग एका वाटीनं विझवायला निघायचीस.

एक दिवस आठवतो तो मात्र हसण्याचा. माझ्या कचेरीतल्या एका बाईची मुलगी परदेशातून आली होती, तिनं चहाचं एक पाकीट आणलं. वर पिवळं फूल. डँडेलियन म्हणे. लघवीच्या तक्रारींवर गुणकारी, असं त्यावर छापलेलं. मी लगेच दोन पुड्या मागून घेतल्या आणि संक्रांतीला तुझ्यापुढं ठेवल्या. तू चित्र लांब धरून पाहिलंस, जवळ धरून पाहिलंस. "हे त पाथरीची मावसबहीन होय! नाकडोळे तसेच. थोडी अंगानं भरली हाये, गोऱ्या मुलखातली असंल." आपण तो चहा उकळला. तू एक घोट घेतलास आणि तोंडातच धरून राहिलीस. मग म्हणालीस, "कडूच नाई. कडू नाई त औषध कायचं? हे त पावण्याले द्याचं पानी झालं." तरी दुसरी पुडी तू फेकली नाहीस. कपाटातल्या साड्यांत ठेवलीस. परवा वैशालीला तुझ्या साड्या वाटताना ती सापडली. वास उडून गेला होता. मी ती परत त्याच जागी ठेवली.

घरी संडास झाला तेव्हा मला वाटलं, सुटली वहिनी. मी पेढे घेऊन आले होते, आठवतं? तू पेढा खाल्लास आणि म्हणालीस, "चांगलं झालं. पन कापूस काई घरात नाई उगवत."

मागच्या पावसाळ्यात मी आले तेव्हा तुझा चेहरा पाहून मला कळलं. डोळ्यांखाली सूज, कंबर धरून चालणं. तू म्हणे, "वाकून वाकून कंबर गेली." मी म्हटलं, उद्या यवतमाळला जायचं. काय तमाशा केलास! "मुतासाठी यवतमाळले जाऊ काय? लोकं काय म्हनतीन? गिरजाबाई साऱ्या गावाले पाथरी पाजत होती, अन् सोताच दवाखान्यात गेली म्हनतीन." हे होतं खरं. तुला दुखण्याची लाज नव्हती इतकी, पाथरी हरल्याची होती. मी म्हटलं, "पाथरी नाही हरली वहिनी, पाथरी उरलीच नाही." तेव्हा कुठं उठलीस.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. लघवी तपासली, गोळ्या लिहून दिल्या, मला दोनदा बजावलं, सगळ्या गोळ्या पूर्ण घ्यायच्या, बरं वाटलं तरी मधे सोडायच्या नाहीत. तुला म्हणाल्या, "मावशी, पाणी भरपूर प्या." तू म्हणालीस, "पेतो ना मॅडम. पेल्यावर जाचं कुठी, थेही त्याच कागदावर लिहून द्या." मी तुला चिमटा काढला. त्या हसल्या नाहीत. पेनाचं झाकण लावलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

स्टँडवर आपण भजी खाल्ली. एसटीत तुला खिडकी दिली. तू गोळ्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होतीस, जशी एखादी सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन जाते. चार दिवसांनी फोनवर म्हणालीस, "शोभे, तुह्या गोळ्या लय भारी. जळजळ पयाली." मी इतकी खूश झाले की कचेरीत साऱ्यांना चहा पाजला. आपलं भांडण संपलं असं वाटलं मला.

दिवाळीनंतर वेचणी लागली आणि तुझ्या लेकाचा, अवीचा फोन आला. मायला थंडी वाजून ताप, अंथरूण उडतं इतकी थरथरते. मी पोचले तर तुला मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं. विष रक्तात गेलं, मूत्रपिंडं थकली, असं सांगितलं त्यांनी. सगळ्यांनी धावपळ केली, खोटं कशाला बोलू. उशीर झाला होता. नळी घातलेली होती तुला आणि खाटेच्या कडेला ती पिशवी लटकत होती. त्यात थेंब थेंब पडत होता, गढूळ, लालसर. तू डोळे उघडलेस. मला ओळखलंस. त्या पिशवीकडं बोट केलंस आणि हसलीस गं तू, हसलीस! म्हणालीस, "शोभे, पाय. आता कुठी जाच नाई लागत. बसल्या जागी होते."

मी बाहेर जाऊन भिंतीवर डोकं आपटलं.

तुझं हे शेवटचं नीट बोलणं. त्यानंतर तू काय काय पुटपुटत होतीस, तुरी, ओटी, कुणाला तरी "खोकल अवं, खोकल" म्हणत होतीस. मी खोकले, वहिनी. साऱ्या वॉर्डात मी मोठमोठ्यानं खोकले. तुझा श्वास जरा शांत झाला असं मला वाटलं. भ्रमही असेल माझा.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी वेचणीच्या बाया भेटायला आल्या. दारात बसून शेवंताबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "लय मोठ्या मनाची बाई. मले गोळी देल्ली व तिनं." मी विचारलं, कोणती गोळी? "थेच यवतमाळची. मले बी जळत होतं ना. म्हने, एक खाय, आग पयते." दुसरी म्हणाली, "मले दोन देल्ल्या." तिसरीनं मान हलवली. मी एकेकीच्या तोंडाकडे पाहत राहिले. तुझ्या सगळ्या गोळ्या तिथं बसल्या होत्या, वहिनी. तू दोनतीन खाल्ल्यास, जळजळ थांबली, आणि उरलेल्या तू पाथरीसारख्या वाटून टाकल्यास. पदरात घेऊन, धुऱ्यावरून आल्यासारखी, हिला एक पान, तिला एक पान.

मला इतका राग आला तुझा! मेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं. पाथरी वाटून खाता येते गं, धुऱ्यावर पुन्हा उगवते. गोळ्या वाटून खायच्या नसतात. त्यानं कोणीच बरं होत नाही, जंतू नुसते चवताळतात. हे तुला कोणी सांगायचं? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं. तू ऐकलंही होतंस. पण शेजारच्या सरीत शेवंताबाई दात चावून वेचतेय आणि तुझ्या पिशवीत गोळ्या आहेत, हे तुझ्यानं पाहवलं नसतं. तुला एकटीनं बरं होणं जमतच नव्हतं. मला हे समजतं. समजतं म्हणूनच संताप येतो. तू मला सातवीत वाचवलंस ते याच स्वभावानं, आणि गेलीस तीही याच स्वभावानं. मी कशाचे आभार मानू आणि कशाला शिव्या देऊ?

शेवंताबाई जाताना मला म्हणाली, "मॅडम, त्या गोळ्या अजून असतीन का घरात? थोडं थोडं अजून जळते." मी तिला दवाखान्यात चल म्हटलं, उद्याच चल, मी घेऊन जाते. ती म्हणाली, "आता नाई जमत बाई. वेचा सुरू हाये."

असो. धुऱ्यावर पाथरी मिळाली नाही म्हणून मी वैशालीला बोरी गावच्या दवाखान्यात नेलं. तिनं तुझ्यासारखा तमाशा केला नाही, मुकाट्यानं आली. तपासलं, गोळ्या मिळाल्या. येताना मी दुकानातून एक मोठी पाण्याची बाटली घेतली, झाकणाला दोरी असलेली, खांद्याला अडकवायची. घरी आल्यावर तिला समोर बसवलं आणि तुझ्या फोटोकडं बोट करून म्हटलं, "हिच्या गळ्याची शपथ आहे. या गोळ्या तुझ्या एकटीच्या. एक सुद्धा कोणाला द्यायची नाही. आणि ही बाटली रोज संध्याकाळी रिकामी आली पाहिजे."

ती म्हणाली, "हो आत्याबाई." मग म्हणाली, "पन शेवंताबाई मागतीनच. त्याईले नाई कसं म्हनू?"

मी तिच्याकडं पाहिलं. तुझंच तोंड होतं ते, रक्ताचं नातं नसून. मी म्हटलं, "म्हणायचं. माझ्या आत्याबाईनं मना केलं म्हणायचं. मला शिव्या बसू दे."

दुसऱ्या दिवशी ती वेचायला गेली. मी नको म्हणत होते. पण कापूस फुटलेला, वारा सुटला होता, बोंडं गळून मातीत जात होती. ना दादानं अडवलं, ना अवीनं, आणि तिनं ओटी उचलली. बाटली मी माझ्या हातानं भरून खांद्याला अडकवून दिली. संध्याकाळी ती आली. डोक्यात कापसाचे तंतू, ओठ पांढरे, फुटलेले. बाटली तशीच होती, काठोकाठ. झाकणही उघडलं नव्हतं तिनं.

मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "रागवू नका आत्याबाई. वावर साफ उघडं हाये. तिकडून ट्रॅक्टरवाले येतात जातात. पेली त..." तिनं तुझ्या फोटोपुढं दिवा लावला आणि स्वयंपाकाला लागली.

मला तिला ओरडायचं होतं. तुझ्याशी भांडायचे तसं भांडायचं होतं. पण काय म्हणून भांडू? पी म्हणू, तर जाऊ कुठं असं ती विचारणार. जाऊ नको म्हणू, तर वेचेल कोण? तूर पेर म्हणू, तर फवारा आहे. पाथरी पी म्हणू, तर धुरा जळून गेलाय. आणि असती तरी वेचणीच्या दिवसांत ती तुझ्यासारखीच प्यायली नसती. मी तिला कणीक मळून दिली.

काल सकाळी निघाले. दादानं बोरीच्या स्टँडपर्यंत सोडलं आणि तो परत फिरला, वेचणीचं वजन करायचं होतं. निघताना वैशालीनं माझ्या पिशवीत तीच बाटली ठेवली होती. "तुमाले प्रवासाले होईन," म्हणाली. तुझ्याच घरच्या पाण्यानं भरलेली. नेरची गाडी वेळेवर नव्हतीच. ऊन चढलं. स्टँडवर माणसंच माणसं, चहाच्या टपरीपाशी पोरं उभी. बायकांची मुतारी आहे तिथं, पण तिला कुलूप. किल्ली कोणाकडं आहे विचारलं तर एक जण दुसऱ्याकडं बोट दाखवत होता, दुसरा तिसऱ्याकडं. माझा घसा कोरडा पडला होता. बाटली पिशवीतून काढली, मांडीवर घेतली, झाकणावर हात ठेवला.

नेरला पोचायला अजून किती वेळ लागेल याचा हिशेब केला, आणि बाटली परत पिशवीत ठेवून दिली.